काळी तीनची झाली काळी पाच

श्रीधररावांचा हिशेब सरळ होता. अवधूत सरांच्या क्लासला जायचं तर पहिलं गाणं हाती यायला आठ महिने. मला गिटारच्या मानेवर लावायचं आणि फोनवरचे व्हिडिओ बघायचे तर पहिलं गाणं पुढच्या रविवारी. म्हणजे निव्वळ फायदा सात महिने आणि वर तीन आठवडे. बासष्टाव्या वर्षी माणसाला सात महिने फुकटात मिळत असतील, तर तो नको कशाला म्हणेल?

मित्रांनो, हा फायदा मिळवून देणारा तो मीच. मी एक जुना कॅपो आहे. नाव ऐकून घाबरू नका. कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, त्याचा जरा खात्यापित्या घरचा चुलतभाऊ समजा. गिटारच्या लांब मानेवर धातूचे आडवे पडदे ठोकलेले असतात. दोन पडद्यांमधल्या जागेला श्रीधरराव 'घर' म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. मला एखाद्या घरात चिमटलं की सहाही तारा एकदम चढतात. वाजवणाऱ्याची बोटं तीच, बोटांचे आकार तेच, गाणं मात्र वरच्या सुरात. ज्याला थोडं येतं त्याला पुष्कळ येतं असं भासवणं, हा माझा व्यवसाय. त्यात मी वाईट नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, वर काळा रंग मारला, पोटात स्प्रिंग बसवली आणि जबड्याला रबर चिकटवलं, एवढं आठवतं. पुढचे काही महिने पुण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात मी पुठ्ठ्यावर टांगलेला होतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला स्वतःच्या बोटाला चिमटून बघायचं, "आई गं" म्हणायचं आणि परत टांगायचं. असे सत्तावीस जण झाले. अठ्ठाविसाव्याने मला नेलं.

त्याचं नाव दिग्विजय. यवतमाळचा मुलगा, हिंजवडीत नोकरी, शहरात हॉस्टेलवर राहणं. कंपनीच्या बसमध्ये रोज जेवढा वेळ तो बसून काढायचा, तेवढ्यात एखादा माणूस तबला शिकला असता. दिग्विजयला चार गाणी यायची. चारही अशी छान वाजवायचा की हॉस्टेलची पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. वाढदिवस असो, कुणाची बदली असो, दिग्विजय हवाच. त्या दोन वर्षांत मला जेवढं कौतुक मिळालं तेवढं पुढे कधी मिळालं नाही. फक्त चौथं गाणं संपलं की एक अवघड क्षण यायचा.

"भाऊ, अजून एक होऊन जाऊ दे ना बे."

"नाही ना यार. तार उतरली."

मित्रांनो, तारा अजिबात उतरलेल्या नसायच्या. गाणी संपलेली असायची.

पुढे दिग्विजयची बेंगळुरूला बदली झाली. सामान आवरताना त्याने गिटार, तिची पिशवी आणि पिशवीच्या खिशातला मी, असा सगळा संसार ऑफिसातल्या तनयाकडे दिला. "मॅडम, तुमचे बाबा रिटायर झाले म्हणता ना? देऊन द्या त्यांना. वेळ जाईल." तनयाने मला सदाशिव पेठेत, आईवडिलांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून टाकलं. लिफ्ट नाही. गिटार पोचवून ती पाच मिनिटं दाराशी धापा टाकत उभी होती.

हे श्रीधरराव म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी पाण्याची पातळी मोजली. त्यांना वेळ घालवायचा नव्हता, वेळ त्यांचा आपणहून जात होता. त्यांना हवं होतं वेगळंच. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई गायच्या. बायकांच्या भजनी मंडळात एकोणीस वर्षं पुढच्या रांगेत बसून गायच्या. वर्षभरापूर्वी त्यांच्या गळ्याचं, थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बोलायला काही अडचण उरली नाही. श्रीधररावांना तर ती पूर्वीही कधी जाणवली नव्हती. पण वरचे सूर गेले ते गेलेच. मंडळ एका सुरात गाणार, एकटीसाठी सगळ्याजणी खाली कशा येणार? मंदाकिनीबाईंनी कुणाला अवघडायला लावलं नाही. मंडळ सोडलं आणि घरची पेटीही मंडळालाच देऊन टाकली. त्यानंतर त्या घरात गुणगुणल्यासुद्धा नाहीत.

श्रीधररावांना त्या पेटीची रिकामी जागा बघवेना. आपण वाजवलं तर ही गाईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं, कारण पेटीच्या जागी त्यांनी गिटार ठेवली.

आधी ते रीतसर अवधूत सरांकडे गेले. दोन गल्ल्या सोडून सरांचा क्लास. दारावर पाटी: 'चपला रांगेत काढाव्यात. ज्यांना रांग जमत नाही त्यांना ताल जमत नाही.' श्रीधररावांनी चपला रांगेत काढल्या आणि आत जाऊन विचारलं, "सर, पहिलं गाणं साधारण कधी?"

"आधी सा कुठे आहे ते सांगा."

"सा म्हणजे… सुरुवातीला असेल."

"कशाच्या?"

"गाण्याच्या."

"काका, मी गिटारवर विचारतोय."

श्रीधररावांनी गिटारच्या सहा तारांकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "हरकत नाही. आठ महिन्यांत सापडेल."

पहिल्या दिवशी एकाच तारेवर चढत उतरत सात सूर. दुसऱ्या दिवशी तेच, उलटे. त्या दिवशी क्लासमध्ये एक कॉलेजची मुलगी होती, तीन वर्षं शिकत असलेली. कुणीतरी तिला म्हणालं, आज अमक्याचा वाढदिवस आहे, वाढदिवसाचं गाणं वाजव. तिने विचारलं, "कुठल्या स्केलमध्ये?" आणि ते ठरेपर्यंत केक संपला. श्रीधररावांनी हे बघितलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेलेच नाहीत. घरी येऊन त्यांनी पिशवीच्या खिशातून मला काढलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. फोन समोर टेकवायचा, व्हिडिओतला मुलगा म्हणेल त्या घरात मला चिमटायचं, तो दाखवेल त्या आकारात बोटं ठेवायची, की झाला एक 'कॉर्ड'. बोटांच्या शेंड्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. दोन महिन्यांत सात गाणी झाली. आता ती कुठल्या सुरात होती ते श्रीधररावांना माहीत नव्हतं, कळून घ्यायची गरजही नव्हती. व्हिडिओ सांगतो 'कॅपो दुसऱ्या घरात', की दुसऱ्या घरात. मला कॅपो म्हणायला त्यांची जीभ वळेना, म्हणून त्यांनी माझं नाव 'पट्टी' ठेवलं. "पट्टी कुठे गेली?", "पट्टी तिसऱ्यात लावायची की पाचव्यात?" असं दिवसभर चालायचं. हे नाव लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळा घोटाळा इथे आहे.

मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. सात गाण्यांवर त्यांचं मत एकच: "बरं आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात तुमच्या मधल्या थांबण्यात."

"तू म्हणून बघ की यावर एखादं. डॉक्टर म्हणालेत, सरावाने येईल परत. पूर्वीच्या सुरात लावून तर बघ."

"अहो, गेलेलं आहे ते. किती वेळा सांगू?"

हा संवाद मी त्या वर्षात नऊ वेळा ऐकला.

मग तनयाला मुलगी झाली. ऑपरेशन करून झाली, त्यामुळे तीन मजले चढून माहेरी येणं शक्य नव्हतं. मंदाकिनीबाईच तिच्याकडे हिंजवडीला जाऊन राहिल्या आणि सदाशिव पेठेत श्रीधरराव, गिटार आणि मी असे तिघं उरलो. बारसं पाचव्या आठवड्यात ठरलं.

आता त्या घरात एक पद्धत होती. मंदाकिनीबाईंच्या आईने एक पाळणा रचला होता. कुठे छापलेला नाही, कुणी ध्वनिमुद्रित केलेला नाही. पाच कडवी, आणि पाचव्या कडव्याची शेवटची ओळ मोकळी. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि त्याच वेळी पाळणा म्हणणारीने ते नाव त्या मोकळ्या ओळीत गुंफून सगळ्यांना ऐकवायचं. घरातल्या अकरा मुलांना अशीच नावं मिळाली. आधी आई म्हणायच्या, त्यांच्यामागे मंदाकिनीबाई. बारावं बाळ हे. मंदाकिनीबाईंनी तनयाला सांगून टाकलं होतं की मंडळातल्या इंदुबाईंना बोलाव, त्या नेहमीचे पाळणे छान म्हणतात, मला जमणार नाही.

एका सकाळी श्रीधररावांनी हिंजवडीला फोन लावला. स्पीकरवर होता, मी समोरच होतो.

"मंदा, पाळणा तूच म्हणायचास. मी वाजवतो."

"तुमच्या व्हिडिओवाल्याला येतो का माझ्या आईचा पाळणा?"

"त्याला कशाला? छत्तीस वर्षं ऐकलाय मी. चाल पाठ आहे. तीनच कॉर्ड लागतात, माझ्या तिसऱ्या गाण्यातल्याच. बसवला मी."

हे खरं होतं. चार दिवस चाचपडून त्यांनी तो बसवला होता.  पलीकडे बाळ रडलं, आणि त्याला थोपटत मंदाकिनीबाई म्हणाल्या, "खालच्या सुरात वाजवाल?"

"तू सांगशील त्या."

"माझी पट्टी पूर्वीची नाही हं आता. इथे बाळाला घेऊन बसते तेव्हा हळूच म्हणून बघितलं. काळी तीन. त्याच्या वर एक पाऊलही नको."

"काळी तीन. लिहून घेतलं."

"नक्की ना? चार लोकांत हसं नको व्हायला."

"अगं, पट्टी माझ्या हातात आहे," श्रीधरराव म्हणाले. हातात मीच होतो.

मित्रांनो, या बाई एकोणीस वर्षं 'माझी काळी पाच, इंदूची काळी चार' असं बोलत होत्या आणि श्रीधरराव तेवढीच वर्षं मान डोलवत होते. काळी पाच म्हणजे काय, हे एकदाही विचारलं नाही. पेटी उचलून नेली, आणली, तिला नवं कापड शिवून घेतलं, पण तिच्या आत काय असतं ते बघितलं नाही. आता त्यांनी कागदावर लिहिलं: 'पट्टी, काळी, तीन.' माझ्याकडे बघितलं. मी काळा. गिटारची मानही काळी. एक, दोन, तीन असं मोजलं आणि मला तिसऱ्या घरात चिमटलं. त्या दिवसापासून रोज दोन तास सराव. एक बोट चुकत नव्हतं.

बारशाच्या दिवशी तनयाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. पाळण्याला झेंडू, खाली घुगऱ्यांची परात. इंदुबाई मंडळातल्या पाचजणींना घेऊन आल्या होत्या आणि पेटीही आणली होती, तीच पेटी. मंदाकिनीबाईंनी हिरवी पैठणी नेसली होती. त्या पाळण्याच्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. श्रीधररावांनी खुर्ची ओढली, मला तिसऱ्या घरात लावलं आणि पहिला कॉर्ड वाजवला.

मंदाकिनीबाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. पण दोन वर्षं न गायलेल्या माणसाला स्वतःच्या कानाचाही भरवसा उरत नाही. घाबरल्यामुळे चढं वाटत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असावी. समोर पाहुणे, थांबणार कसं? त्यांनी सुरुवात केली. पहिली ओळ खालच्या सुरांत फिरते, ती निभावली.  तनयाने तोंडावर हात ठेवला, कारण आईचा गाता आवाज तिने दोन वर्षांत ऐकला नव्हता. दुसरी ओळ चढते. तिथे मंदाकिनीबाईंचा आवाज वर गेला, चिरला आणि तुटला. फाटक्या कापडासारखा आवाज आला नुसता.

त्या थांबल्या. श्रीधरराव पुढे दोन कॉर्ड वाजवत राहिले, सरावच तसा होता.

"काळी पाच लावलीत तुम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"छे! तीन. तू सांगितलीस तीच. हे बघ, एक, दोन, तीन." त्यांनी माझ्यावर बोट ठेवून घरं मोजून दाखवली.

"पाच आहे ती."

"तीन आहे! सगळ्यांसमोर मोजून दाखवतोय ना?"

"माझ्याशी तीनपाच करू नका!"

लोक हसले. त्यांना वाटलं, नवराबायकोची गंमत चालली आहे. इंदुबाईंनी पेटीचा भाता ओढला, एक पट्टी दाबली आणि श्रीधररावांना म्हणाल्या, "वाजवा हो पुन्हा." त्यांनी वाजवलं. पेटीचा सूर आणि गिटारचा सूर एकमेकांत मिसळून गेले. "पाचच आहे हो श्रीधरराव. मंदाताईंची जुनी पट्टी. मंदाताई, थांबा, मी तीन देते, पुन्हा म्हणा."

पण मंदाकिनीबाईंनी दोरी सोडली होती. "तुम्हीच म्हणा इंदुताई. मला बाळाचं बघायचंय." बाळ अगदी शांत होतं. त्याचं काही बघायचं नव्हतं. इंदुबाईंनी नेहमीचा पाळणा म्हटला, मंडळाने साथ दिली, आत्याने कानात 'रेवा' असं नाव सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षाने घरी निघाले. गिटार दोघांच्या मध्ये उभी होती, म्हणून मी सगळं ऐकलं.

"मंदा, खरंच मला…"

"वर्षभर म्हणताय, पूर्वीच्या सुरात लावून बघ. लावलंत शेवटी. मला न सांगता."

"मी मुद्दाम नाही गं लावली."

"ती पट्टी सोडायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही ती साठ लोकांसमोर परत माझ्या हातात दिलीत."

  आपण तीन लावली हे श्रीधररावांनी डोळ्यांनी बघितलं होतं आणि पाच वाजली हे कानांनी ऐकलं होतं. तीनचे पाच झाले कसे, हेच त्यांना कळेना. माफी मागायची तर नेमकी कशाची, तेही कळेना. त्यांनी चार-पाच वेळा मोघम माफी मागितली. मंदाकिनीबाईंनी मोघम "हं" म्हटलं. गिटार कपाटावर गेली. मी तिच्या मानेवर तसाच चिमटलेला राहिलो, तीन आठवडे. माझ्या रबरावर तारांच्या सहा चिरा पडल्या त्या तेव्हाच्या.

शेवटी एका संध्याकाळी श्रीधररावांनी आम्हाला उचललं, दोन गल्ल्या चालले आणि चपला रांगेत काढल्या.

"या," अवधूत सर म्हणाले. "सा सापडला?"

"सर, तिसऱ्या घरात लावलं तर काळी पाच कशी होते?"

 सरांनी आधी सगळी हकिकत काढून घेतली. मग कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली. "काका, गाणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याचा सा कुठल्या सुरावर बसतो ती जागा. पेटीवर पांढऱ्या पट्ट्या सात, मधे काळ्या पाच. काळी तीन म्हणजे यातली तिसरी काळी. ही. गिटारच्या काळ्या मानेशी तिचा काही संबंध नाही."

श्रीधररावांनी त्या पट्टीकडे असं बघितलं, जणू घरातल्या माणसाची पहिल्यांदा ओळख करून दिली आहे.

"आता, तुमचे ते तीन आकार. त्यांचा सा मुळात इथे असतो, पांढरी पाचवर. त्यावर तुम्ही तीन घरं चढलात. मोजा. प्रत्येक घराला पेटीची एक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही धरून."

श्रीधररावांनी बोट ठेवत मोजलं. "काळी चार… पांढरी सहा… काळी पाच." बोट तिथेच राहिलं. पाण्याची पातळी मोजणारा माणूस. कुठल्या खुणेपासून मोजतो आहोत ते न बघता आयुष्यात पहिल्यांदा माप घेतलं होतं, आणि ते नेमकं इथे.

"म्हणजे जी पट्टी तिने सोडली तीच."

"बरोबर तीच. एक घर इकडे नाही, तिकडे नाही. ठरवून लावायची म्हटली असती तर तुम्हाला जमली नसती."

"सर, मी गाणी शिकत बसलो ते चुकलंच."

"गाणी शिकलात ते उत्तम केलंत," सर म्हणाले. "पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्याकडे प्रश्नच नव्हता. सूर शिकून करायचं काय, हे माझ्या निम्म्या मुलांना माहीत नाही. तुम्हाला आता आहे. बसा."

श्रीधरराव बसले. तेच चढते-उतरते सूर, जे त्यांना दोन दिवसांत नकोसे झाले होते. आता ते घरी येऊनही तेच घोकायचे. सा सापडला, मग म आणि प. पाळण्याचे तीन कॉर्ड म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून सा, म आणि प यांची तीन घराणी आहेत, हे कळलं त्या दिवशी ते इतके खूश झाले की दूध उतू गेलं. काळी तीनवर पोचायचे दोन रस्ते त्यांनी काढले आणि सोपा निवडला: वेगळे तीन आकार, ज्यांचा सा मुळातच खाली, पांढरी दोनवर असतो, आणि मी चौथ्या घरात. बारशापेक्षा घर एकानेच पुढे, पण यावेळी सा कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. मंदाकिनीबाईंना त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या घरी असल्या की श्रीधरराव फक्त सूर घोकायचे, पाळणा नाही. तो त्या बाजारात गेल्या की.

तनया रेवाला घेऊन पहिल्यांदा तीन मजले चढली तेव्हा रेवा सहा महिन्यांची झाली होती. दुपारची जेवणं झाली, तनया आडवी झाली आणि रेवाने झोपायला ठाम नकार दिला. मंदाकिनीबाई तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. श्रीधररावांनी गिटार घेतली, मला चौथ्या घरात लावलं आणि पाळण्याची सुरुवात वाजवली. गा म्हणाले नाहीत. बघितलंसुद्धा नाही.

मंदाकिनीबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काळी तीन."

"हो."

"कोणी लावून दिली?"

"मीच. पेटीवर मोजून. तेव्हा गिटारची घरं मोजली होती मी, मंदा. काळी म्हणजे ही काळी मान, असं वाटलं मला. पेटीची पट्टी म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं."

"एकोणीस वर्षं पेटी उचललीत तुम्ही."

"नुसतीच उचलली."

मंदाकिनीबाईंना हसू आलं, ते त्यांनी रेवाच्या टोपड्यात लपवलं. ही माफी मोघम नव्हती, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी पहिलं कडवं म्हटलं. चढती ओळ आली, आवाज वर गेला आणि टिकला. दुसरं म्हटलं. तिसऱ्याला मात्र गळा थकल्यासारखा झाला. सूर लागत होता, पण काठावर उभा होता. कुणाला कळलं नसतं. बारशाच्या वेळच्या श्रीधररावांना तर नक्कीच नाही. पण तिसरं कडवं संपताच त्यांनी मला दाबून सोडवलं, एक घर मागे घेतलं आणि चौथं सुरू केलं. पेटीवर म्हणाल तर पांढरी चार.

मंदाकिनीबाईंनी ते कडवं सहज म्हटलं. मग गाणं थांबवून म्हणाल्या, "उतरवलीत?"

"उतरवली."

"न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

त्यावर त्यांनी पाचवं कडवं म्हटलं आणि मोकळ्या ओळीत रेवाचं नाव गुंफलं. रेवा झोपली नाही. ती गिटारच्या पिशवीचा पट्टा चावत होती.

मित्रांनो, गाणी शिकू नका असं सांगण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. गाण्याच्या ओढीनेच माणूस तारेला बोट लावतो, आणि माझ्यासारख्याचं पोट त्यावरच चालतं. मला खुशाल वापरा. पण दुसऱ्याच्या गळ्याला साथ द्यायची असेल तर त्याचा सा कुठे आहे, तेवढं आधी विचारा, आणि उत्तर कळलं नसेल तर मान डोलवू नका. वाजवून झालं की मला मानेवरून काढून ठेवा. आम्हा चिमट्यांना विसरून जायची लोकांना फार सवय असते. त्यात आमचं रबर जातं आणि तारा ताणलेल्या राहतात.

राहता राहिली बेरीज. बारशाचा व्हिडिओ तनयाच्या फोनमध्ये आहे. त्यात बाराव्या बाळाला नाव मिळतं ते इंदुबाईंच्या पाळण्यात, आणि त्याच्या आधी एक आवाज तुटतो. तो तसाच राहणार. श्रीधररावांनी शिकायचं टाळलं, नंतर चार महिने बोटं झिजवून ते शिकले, आणि शेवटी विद्या त्यांच्याच पदरात पडली. म्हणजे त्यांचं काही गेलं नाही. माझ्या रबरावर सहा चिरा आल्या, त्या चालतात. रेवाला काही आठवणार नाही. हिरव्या पैठणीत दोरी धरून उभं राहण्याची ती एक सकाळ होती, ती मंदाकिनीबाईंची होती. किंमत त्यांनी भरली.